पाया खणण्याआधीचे चर

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातलं एम्सबरी हे गाव स्टोनहेंजचं शेजारी म्हणूनच ओळखलं जातं. २००२ साली गावाच्या दक्षिणेला, बॉस्कम डाउनच्या माळावर, घरांची नवी वसाहत आणि एक शाळा व्हायची होती. बांधकामाला हात लागण्याआधी ‘वेसेक्स आर्किऑलॉजी’ या संस्थेची माणसं तिथे खोदत होती. रोमन काळातली एक छोटी दफनभूमी मोकळी करायची, एवढंच काम. पण खोदाईच्या एका कोपऱ्यात रोमन कबरींशी न जुळणारे दोन खड्डे होते. मे महिन्यात त्यांतला एक उघडला, तेव्हा आत कुशीवर निजवलेला एक माणूस मिळाला.

वय पस्तीस ते पंचेचाळीस. डाव्या गुडघ्याची वाटी नाही, म्हणजे बिचारा बरीच वर्षं लंगडत चालला असणार. भोवती पाच नक्षीदार मातीची भांडी, तांब्याच्या तीन छोट्या सुऱ्या, गारगोटीची १६ बाणाग्रं, धनुष्याच्या दोरीचा फटका बसू नये म्हणून मनगटावर बांधायच्या दगडी पट्ट्या, रानडुकराचे सुळे, धातूकाम करायची छोटी दगडी ऐरण, आणि केसांत घालायच्या सोन्याच्या दागिन्यांची जोडी. काळ इ.स.पू. २३०० च्या आसपासचा; इंग्लंडमध्ये सापडलेलं हे सगळ्यात जुनं सोनं. त्याच्या दातांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांची तपासणी झाली आणि हा माणूस लहानपणी आल्प्सच्या परिसरात वाढला असावा, असं दिसलं. शेजारच्या खड्ड्यात विशी-पंचविशीतला दुसरा एक तरुण होता. ‘एम्सबरी आर्चर’ म्हणजे एम्सबरीचा धनुर्धर या नावाने पहिला माणूस जगभर गाजला. त्याचा ऐवज आज सॉल्सबरीच्या संग्रहालयात आहे. वसाहतीचं नाव ‘आर्चर्स गेट’ पडलं आणि तिथल्या प्राथमिक शाळेनेही त्याचंच नाव घेतलं.

सोन्यापेक्षा मला या गोष्टीतला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी पुरातत्त्वज्ञ आले, मग जेसीबी. कुणी कामगाराने हाडं पाहून आरडाओरडा केला, काम थांबलं, वर्तमानपत्रांत बातमी आली, मोर्चा निघाला, असं काहीच झालं नाही. या जमिनीत काय असू शकेल हा प्रश्न विटा येण्याच्या कितीतरी आधी विचारला गेला होता. उत्तर अर्धवटच होतं, कारण धनुर्धराची कल्पना कुणालाच नव्हती. पण प्रश्न विचारला गेला होता म्हणूनच त्या माळावर माणसं खुरपी घेऊन बसली होती.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न नियमाने विचारला जातो. घरं बांधायची तर स्थानिक कौन्सिलची नियोजन परवानगी लागते. जागेत पुरातत्त्वीय अवशेष आहेत किंवा असण्याची शक्यता आहे असं दिसलं, तर विकासकाने आधी कागदोपत्री अभ्यास सादर करायचा आणि गरज असेल तर प्रत्यक्ष जमिनीवर चाचणी घ्यायची. हे राष्ट्रीय नियोजन धोरणाच्या २०१२ च्या चौकटीत स्पष्ट लिहिलेलं आहे आणि नंतरच्या सुधारणांतही कायम राहिलं आहे. खर्च विकासकाचा. जो जमीन उकरणार, त्यानेच नोंदीचे पैसे द्यायचे.

हा शहाणपणा सहज आलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकीने उद्ध्वस्त झालेली लंडन शहराची जुनी पेठ पुन्हा उभी राहत होती, तेव्हा पुरातत्त्वज्ञ बांधकामांच्या मागे धावत असत. १९५४ साली वॉलब्रुक भागात एका कार्यालयाच्या पायात मिथ्र या देवतेचं रोमन मंदिर निघालं. ते पाहायला लंडनकरांनी लांबच लांब रांगा लावल्या, प्रकरण चर्चिल यांच्या मंत्रिमंडळापर्यंत गेलं आणि शेवटी मंदिराचे दगड उचलून दुसरीकडे मांडले गेले. पुढची दोन-तीन दशकं अशीच गेली. ‘रेस्क्यू’ हे नाव घेऊन १९७१ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी संघटनाच काढली, यावरून त्यांच्या मनाची अवस्था कळते.

गाडी रुळावर आली ती १९८९ नंतर. टेम्सच्या दक्षिण काठावर, सदर्कमध्ये एका कार्यालयीन इमारतीच्या जागेवर ‘रोझ’ नाट्यगृहाचे अवशेष निघाले. फिलिप हेन्स्लो याने १५८७ मध्ये बांधलेलं हे नाट्यगृह. ख्रिस्तोफर मार्लोची नाटकं इथे झाली, शेक्सपिअरचीही झाली. इमारतीचा आराखडा मंजूर, पैसा गुंतलेला, यंत्रं दारात, आणि जमिनीत एलिझाबेथकालीन रंगभूमी! इयन मॅकेलन, पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्यासारखे नट-नट्या रस्त्यावर उतरले, वृद्ध लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी पाठिंबा दिला. अखेर इमारतीचे खांब सरकवून अवशेष तिच्या पोटात, वाळू आणि पाण्याखाली झाकून ठेवले गेले. यात विकासक पोळला, सरकारची नाचक्की झाली, आणि पुरातत्त्वज्ञांना तरी मनासारखं कुठे मिळालं? पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, सरकारने ‘पीपीजी १६’ या रूक्ष नावाची मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिचा मुद्दा साधा होता: जमिनीखालचे अवशेष एकदा गेले की पुन्हा तयार होत नाहीत, त्यामुळे त्यांचा विचार परवानगी देण्याआधी व्हायला हवा, नंतर नव्हे. मंत्रालयातून निघालेल्या एखाद्या पातळ पुस्तिकेने एवढा बदल घडवल्याची उदाहरणं थोडी.

आता प्रत्यक्ष काम. एखाद्या गावाबाहेर वीस हेक्टर शेतजमीन आहे, तिथे चारशे घरं व्हायची आहेत असं समजू. पहिला टप्पा टेबलावरचा. परगण्यापरगण्यात ‘हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट रेकॉर्ड’ नावाची नोंदवही असते, आता अर्थात संगणकावर. त्या भागात आजवर सापडलेलं प्रत्येक नाणं, प्रत्येक जुनी विहीर, प्रत्येक उत्खनन, इतकंच काय, खोदूनही काही न मिळालेली जागा तिच्यात नकाशावर टिपलेली असते. ही शेवटची नोंद फार मोलाची, कारण ‘काही नाही’ आणि ‘कुणी पाहिलं नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अभ्यासक साधारणपणे जागेभोवतीच्या किलोमीटरभर परिसरातल्या नोंदी मागवतो. मग जुने नकाशे: ऑर्डनन्स सर्व्हेचे एकोणिसाव्या शतकातले मोठ्या प्रमाणावरचे नकाशे आणि त्याआधी, १८४० च्या आसपास, चर्चच्या दशमांश करासाठी काढलेले गावनकाशे. त्यांत शेताशेताची नावं असतात. काळ्या मातीवरून किंवा जुन्या तटबंदीवरून पडलेलं एखादं नाव दिसलं की अभ्यासकाचे कान टवकारतात. राखेने काळी झालेली जमीन म्हणजे बहुधा तिथे कधीतरी माणसं राहत होती.

त्यानंतर भूगर्भशास्त्राचे नकाशे. नदीच्या गाळाची जमीन असेल तर जुना पृष्ठभाग दोन-तीन मीटर खाली गाडलेला असू शकतो, वरून काहीच दिसणार नाही. आणि एक उलटी चौकशीही करावी लागते: इथे आधीच काय नष्ट झालंय? खडीची खाण होती का? तळघर होतं का? खोल नांगरट किती वर्षं चालली? कारण कधीकाळी वस्ती होती, एवढ्याने भागत नाही. ती आज शिल्लक आहे का, हेही पाहावं लागतं.

या उलट्या चौकशीतही माणूस फसू शकतो. लंडनमध्ये मिथ्र मंदिर निघालं होतं त्याच जागेवर १९५० च्या दशकात तळघरासकट मोठी इमारत झाली. तिच्याखाली आता काय उरणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण ती इमारत पाडून ब्लूमबर्ग कंपनीची नवी इमारत होण्याआधी, २०१० ते २०१४ या काळात, म्युझियम ऑफ लंडन आर्किऑलॉजीने तिथे खोदलं, तर वॉलब्रुक ओढ्याच्या ओल्या गाळात चारशेहून जास्त रोमन लाकडी लेखनपट्ट्या मिळाल्या. त्यांतली एक म्हणजे इ.स. ५७ च्या ८ जानेवारीला लिहून दिलेली कर्जाची चिठ्ठी. ओल्या, हवा न शिरणाऱ्या मातीत लाकूड, चामडं, कापड टिकतं. तेव्हा पाण्याची पातळी हाही शक्यतेचा एक भाग.

कागदानंतर आकाश. उन्हाळा कोरडा गेला की बुजलेल्या खंदकावरचं पीक हिरवं राहतं, कारण तिथली माती खोल आणि ओलसर. गाडलेल्या भिंतीवरचं पीक आधी पिवळं पडतं. जमिनीवरून जे कळत नाही ते विमानातून रेखाटल्यासारखं दिसतं. १९२५ साली गिल्बर्ट इन्सॉल या वैमानिकाने एम्सबरीच्याच जवळ एका शेतात अशीच ठिपक्यांची वर्तुळं पाहिली. पुढे तिथे खोदल्यावर लाकडी खांबांच्या वर्तुळांचं स्मारक मिळालं. ते आज ‘वुडहेंज’ म्हणून प्रसिद्ध आहे. १९७६ आणि २०१८ चे कडक उन्हाळे शेतकऱ्यांना जड गेले, पण ब्रिटनच्या हवाई पुरातत्त्वज्ञांची चंगळ झाली. आता जोडीला लायडार आहे. विमानातून लेझरचे झोत टाकून जमिनीचे वीतभराचे चढउतारही टिपता येतात आणि संगणकावर वरची झाडी पुसून टाकता येते. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने आपली लायडार माहिती २०१५ पासून सर्वांना फुकट खुली केली आहे.

या सगळ्यातून शेवटी एक अहवाल तयार होतो. त्यात काळानुसार लिहिलेलं असतं: अश्मयुग – शक्यता कमी; लोहयुग – मध्यम; रोमन – जास्त; मध्ययुग – बांधावरची शेती तेवढी. नवख्या वाचकाची गल्लत होते ती इथे. ‘शक्यता कमी’ म्हणजे ‘जमीन रिकामी’ असं तो समजतो. प्रत्यक्षात या शब्दाचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की आसपास आजवर कुणी फारसं पाहिलेलं नाही. केंब्रिजच्या पश्चिमेची चिकणमातीची पठारं याचा चांगला दाखला आहेत. जड, ओलसर, नांगराला न जुमानणारी ही जमीन. पूर्वीचे लोक हलक्या मातीवर राहिले आणि इकडे फिरकलेच नाहीत, असा समज होता. चिकणमातीत पिकांच्या खुणाही नीट उमटत नाहीत, त्यामुळे नकाशा कोराच राहिला आणि कोऱ्या नकाशाने समज पक्का केला. मग १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे केंबोर्न नावाचं नवं गाव वसवायला घेतलं. घरांआधी खोदाई झाली आणि लोहयुगातल्या व रोमन काळातल्या वस्त्या निघाल्या. त्या पठारांवर माणसं होती, आपल्याला ती दिसत नव्हती इतकंच.

म्हणून दुसरा टप्पा जमिनीवरचा, आणि त्यातही आधी न खोदता. मॅग्नेटोमीटर घेऊन माणूस शेतात सरळ रेषांत चालत राहतो. ब्रिटनमध्ये पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र पन्नास हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असतं. चूल पेटलेली जागा, भट्टी, राखेमातीने भरलेला खंदक यांच्यामुळे त्यात जो फरक पडतो तो पुष्कळदा मोजून दोन-चार नॅनोटेस्लांचा. हे यंत्र तेवढाही फरक पकडतं. संध्याकाळी संगणकावर करड्या रंगाचं चित्र उमटतं आणि त्यात कुंपणाचे चौकोन, गोल घरांच्या कडा, जुने रस्ते दिसू लागतात. मात्र त्याच्या मर्यादा ठळक आहेत. जवळ लोखंडी कुंपण किंवा विजेचा मनोरा असला की चित्र काळंठिक्कर. आणि खोदली त्याच मातीने पुन्हा भरलेली साधी कबर त्याला बहुधा दिसतच नाही. आपल्या दख्खनवर तर आणखी एक अडचण: इथला बेसाल्ट खडक स्वतःच चुंबकीय असल्याने यंत्राचा गोंधळ उडतो.

त्यामुळे खरी भिस्त चरांवर. पोकलेनला दात नसलेलं सपाट बकेट लावायचं आणि पुरातत्त्वज्ञाच्या नजरेखाली वरची नांगरटीची माती हलक्या हाताने खरवडायची. साधारण तीस मीटर लांब आणि दोनेक मीटर रुंद असे चर सगळ्या जागेत विखरून घेतात. खालच्या पिवळट किंवा पांढऱ्या मूळ जमिनीवर गडद डाग दिसले की तिथे हाताने खोदायचं. एकूण जागेच्या दोन ते पाच टक्के भाग असा उघडला जातो. शितावरून भाताची परीक्षाच ही. फरक एवढाच की भात सगळीकडे सारखा शिजतो, वस्ती तशी पसरत नाही. रोमन शेतवाडीला लांबच लांब खंदक असतात. दहा चरांतून एखादा तरी चर खंदकाला छेदतोच. उलट कांस्ययुगातलं चार खांबांच्या खळग्यांचं घर किंवा एकटीदुकटी कबर दोन चरांच्या मधल्या पट्ट्यात आरामात निसटते. ऑक्सफर्डच्या पुरातत्त्वज्ञांनी २००१ साली एक उपयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आधी चाचणी आणि नंतर पूर्ण उत्खनन झालेल्या जागा घेऊन चाचणीतलं भाकीत किती खरं ठरलं हे त्यांनी पडताळलं. एकट्या कागदी अभ्यासावर विसंबू नये, सगळ्यांत भरवशाचे चर, आणि तेही रोमन वस्त्यांसाठी ठीक. विरळ अवशेषांसाठी नेहमीपेक्षा बरेच जास्त चर लागतात, असा त्याचा निष्कर्ष. विकासकांना तो फारसा रुचला नसावा. टक्का वाढला की बिल वाढतं.

चाचणीनंतर परगण्याचा पुरातत्त्व अधिकारी कौन्सिलला सल्ला देतो. बऱ्याचदा काहीच महत्त्वाचं नसतं आणि विषय संपतो. कधी अवशेष इतके मोलाचे असतात की ते आहेत तिथेच राहू द्यायचे. मग घरांचा आराखडा सरकवून त्या जागेवर बाग किंवा खेळाचं मैदान आखतात. आणि पुष्कळदा मधला मार्ग: परवानगी द्यायची, पण ठरवून दिलेला भाग आधी पूर्ण खोदून, नोंदवून, अहवाल लिहून मगच पाया घ्यायचा. मानवी सांगाडे निघाले तर त्यांच्यासाठी वेगळा परवाना लागतो; त्याचा कायदा १८५७ चा आहे.

आराखडा सरकवणं कागदावर स्वस्त असतं, काँक्रीट ओतल्यावर नाही. ‘रोझ’च्या विकासकाला हा धडा महागात पडला. म्हणूनच इंग्लंडमधले जाणते बिल्डर जमीन विकत घेण्याआधीच कागदी अभ्यास करवून घेतात. इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे, जोखीम कळावी म्हणून. आणि माझ्या मते या व्यवस्थेचं खरं यश हेच की ती प्रेमावर अवलंबून नाही.

ज्ञानाच्या बाजूने पाहिलं तर पीक अमाप आलं. ही सगळी खोदाई विद्वानांनी निवडलेल्या प्रसिद्ध जागांवर झालेली नाही. घरं, रस्ते, गोदामं जिथे व्हायची होती तिथे झाली. त्यामुळे तिच्यात प्रासाद कमी आणि सामान्यांचं जगणं जास्त. रिचर्ड ब्रॅडली या पुराविदाने परगण्यापरगण्यांत पडलेले असे अप्रकाशित अहवाल चाळले आणि २००७ मध्ये ब्रिटन-आयर्लंडच्या प्रागैतिहासाचं पुस्तक नव्याने लिहिलं. पुढे रेडिंग विद्यापीठातल्या मंडळींनी सुमारे अडीच हजार रोमनकालीन ग्रामीण वस्त्यांची माहिती एकत्र केली. रोमन ब्रिटन म्हटलं की फरशीवर मोझेइक असलेली हवेली डोळ्यांसमोर येते. त्या प्रकल्पाने दाखवलं की बहुतेक माणसं साध्या शेतवाड्यांत राहत होती आणि हवेल्या अगदी थोड्या.

दोषही आहेत, आणि ते लपवण्यासारखे नाहीत. अभ्यास करणारी संस्था विकासकच नेमतो, तोच पैसे देतो, आणि कंत्राट बहुधा कमी दराच्या निविदेला मिळतं. अहवालाची भाषा अशा वेळी मऊ होत नसेल असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. यावर लगाम एकच, परगण्याचा पुरातत्त्व अधिकारी. आणि कौन्सिलांची तिजोरी आटली की आधी कात्री लागते ती याच जागांना. संग्रहालयांची गोदामं खापरांच्या खोक्यांनी भरून गेली आहेत. शिवाय २०२४ मध्ये आलेल्या सरकारने एका कार्यकाळात पंधरा लाख घरांचं लक्ष्य ठेवलं आहे. घरांची टंचाई खरीच असल्याने ‘ही तपासणी कशाला?’ असा सूर राजकारणात अधूनमधून लागतो. धनुर्धराची कबर त्या सुराला उत्तर देते असं मी म्हणणार नाही, कारण दर शंभर तपासण्यांत एक धनुर्धर मिळत नाही. उत्तर वेगळं आहे: आधी तपासलेल्या जागेवर बांधकाम मध्येच थांबायची वेळ सहसा येत नाही.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी जुना धागा आहे. डॉ. ह. धी. सांकळिया १९३० च्या दशकात लंडनला शिकत होते, तेव्हा त्यांनी डॉर्सेटमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननात मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली काम केलं. पुढे १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमुख होऊन आले. थर वाचत खोदायची शिस्त आपल्याकडे पक्की झाली ती या पिढीमुळे. खोदण्याची रीत आपण घेतली. बांधण्याआधी विचारण्याची रीत मात्र इंग्लंडलाच १९९० मध्ये सुचली आणि ती अजून इकडे पोचलेली नाही.

आपला कायदा घोषित स्मारकाभोवती वर्तुळ आखतो. १९५८ च्या केंद्रीय कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत नियंत्रण. म्हणजे ज्याची घोषणा झाली ते वाचलं. ज्याचा शोधच लागलेला नाही त्याला वर्तुळ नाही. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत मोठ्या बांधकामांसाठी जो अर्ज होता त्यात ‘जवळपास काही पुरातत्त्वीय स्थळं किंवा वस्तू आहेत का’ अशा अर्थाचा एक प्रश्न होता खरा. पण ते कुणी, कशावरून, कोणत्या नोंदी पाहून ठरवायचं? एका ओळीच्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर मिळतं. २०१९ मध्ये पुण्यात स्वारगेटला मेट्रोच्या खोदाईत जुने बोगदे निघाले आणि शहरभर कुतूहल उसळलं; पण ते यंत्र लागल्यावर निघाले, आधी नाही.

खरं तर आपल्याकडे कागदी टप्प्याचा कच्चा माल भरपूर आहे. मुंबई इलाख्याची एकोणिसाव्या शतकातली जिल्हा गॅझेटिअरं आहेत, भूमी अभिलेखाचे गावनकाशे आहेत, पुरातत्त्व सर्वेक्षणाचे १९५३-५४ पासूनचे वार्षिक आढावे आहेत, डेक्कन कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांनी तालुकेच्या तालुके पायी पालथे घालून लिहिलेले प्रबंध आहेत. आणि सगळ्यात सोपी खूण तर गावात कुणालाही विचारावी: पांढरी कुठे आहे? जुन्या वस्तीची राख, शेण, कोसळलेल्या मातीच्या भिंती यांचं ते टेकाड काळ्या रानात लांबून उठून दिसतं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला अशाच टेकाडावर १९६८ पासून डेक्कन कॉलेजने खोदलं आणि ताम्रपाषाणयुगातली १३० हून जास्त घरं मिळाली. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं पुष्कळसं तिथून आलं. अशी कित्येक टेकाडं खतासाठी माती नेता नेता कुरतडली गेली. आता शहरांच्या कडेची गावं महापालिकांत येताहेत, आणि ज्या पांढऱ्या उरल्यात त्यांच्यावर प्लॉट पडताहेत.

इंग्लंडची सगळी व्यवस्था एका दमात इथे आणावी असं मला वाटत नाही; तेवढे प्रशिक्षित लोकच आज नाहीत. पण पहिला टप्पा स्वस्त आहे. जिल्ह्याची एक खुली नोंदवही, आणि मोठ्या गृहप्रकल्पाचा लेआउट मंजूर करताना तिच्यात डोकावण्याची सक्ती, एवढ्याने सुरुवात होईल. नगररचना खातं, राज्याचं पुरातत्त्व संचालनालय आणि विद्यापीठं यांनी मनावर घेतलं तर पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक या झपाट्याने वाढणाऱ्या जिल्ह्यांपासून हे करता येईल.

तोवर वाचकांना एक विनंती. तुमच्या शेजारी पाया खणला जात असेल आणि मातीत खापरं, विटांची ओळ, राखेचा थर दिसला, तर वस्तू उचलून घरी नेऊ नका. आहे तशीच ठेवून फोटो काढा, शेजारी मापासाठी पट्टी ठेवा, जागा आणि खोली टिपून ठेवा आणि राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला किंवा जवळच्या विद्यापीठातल्या पुरातत्त्व विभागाला कळवा. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे: जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे.